दातातली वर्षं

युनशीच्या दातांच्या दवाखान्यात दात उपटला, की तो कचऱ्याच्या डब्यात जात नसे. परिचारिका शू पेइलान तो धुवायची, पुसायची, कागदी पाकिटात घालायची आणि पाकिटावर लिहायची: बाईचं वय, ती नदीच्या कुठल्या काठाची, मुलं किती. नावाच्या जागी फक्त क्रमांक. संध्याकाळी सगळी पाकिटं वरच्या मजल्यावर वैजयंती गुरवच्या टेबलावर येत.

वैजयंती ही संगमेश्वराकडच्या एका कीर्तनकाराची मुलगी. लोकसंख्याशास्त्र शिकायला पुण्याला गेली, तिथं चिनी भाषेचा नाद लागला, आणि त्या नादानं तिला आधी बीजिंगला आणि चार वर्षांपूर्वी या आडबाजूच्या तालुक्यात आणून सोडलं. गावात कोणी विचारलं तर तिचे वडील, नाना, सांगत, "पोरगी चीनमध्ये म्हाताऱ्यांचे दात वाचते." ऐकणाऱ्याला वाटे, बुवा सवयीप्रमाणे रंग भरतायत. पण २०४१ साली ते अगदी शब्दशः खरं होतं.

दाताच्या मुळावर बाहेरून एक पातळ थर चढत असतो. माणूस जगेल तितकी वर्षं तो चढतो, आणि दरवर्षी त्यात एक उजळ आणि एक गडद पट्टी उमटते, झाडाच्या खोडात उमटते तशी. बाईला दिवस गेले, बाळंतपण झालं, की अंगातल्या कॅल्शियमची सगळी घडी बदलते. त्या वर्षीची पट्टी ठसठशीत वेगळी पडते. पूर्वी हे बघायला दाताची चकती कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरावी लागे, आणि दोन जाणकार दोन आकडे सांगत. वैजयंतीच्या टेबलावरचं वलयवाचक यंत्र दात न कापता क्ष-किरणांनी तो थर उलगडायचं. वीस मिनिटांत पडद्यावर एका बाईचं आयुष्य आडवं पसरलेलं दिसे, आणि त्यात तिची बाळंतपणं, बोलून दाखवलेली आणि न दाखवलेली.

एक अडचण होती. म्हातारपणी बाहेरची वलयं झिजतात, एकमेकांत मिसळतात. म्हणून मोजणी आतून करायची: दात आला ते वय ठाऊक असतं, तिथून एकेक वर्ष पुढं सरकत जायचं. त्यासाठी बाईचं जन्मवर्ष अचूक हवं. ते पाकिटावरच्या वयावरून काढत.

हे सगळं कशासाठी, तर एका जुन्या वादासाठी. मधून वाहणाऱ्या नदीचे दोन्ही काठ सारखेच गरीब होते, तोच गहू, तीच बोली, त्याच सोयरिकी. पण एकेकाळी उत्तर काठावर नियम कडक होता, जोडप्याला एकच मूल. दक्षिण काठ प्रयोगासाठी मोकळा ठेवला होता. तिथं दोन मुलांना परवानगी होती. बाकी सगळं सारखं आणि नियम तेवढा वेगळा, म्हणजे जन्मांत जो फरक पडला तो नियमाचा, असा सरळ हिशेब. सरकारी नोंदवह्यांत उत्तरेला बाईमागे एक पूर्णांक तीन दशांश मुलं होती, दक्षिणेला दोन पूर्णांक एक दशांश. मधला आठ दशांशाचा फरक नियमाच्या खात्यावर लिहून पुष्कळ प्रबंध झाले होते.

दात मात्र वेगळं बोलत होते. उत्तरेच्या दातांत नोंदवहीपेक्षा जास्त जन्म निघाले. याचं कोणालाच नवल वाटलं नाही. पोरं लपवली असणार. नवल दक्षिणेचं होतं. तिथल्या बायकांच्या दातांत नोंदवहीपेक्षा कमी जन्म निघत होते.

प्रांताच्या राजधानीत बसणारे प्रकल्पप्रमुख डॉ. हुआंग पडद्यावरून म्हणाले, "यंत्र तपासा."

"तीनदा तपासलं."

"मग चौथ्यांदा. झालेला जन्म लपवता येतो, वैजयंती. न झालेल्या जन्माची नोंद करायला कोण जाईल?"

अहवाल द्यायला अकरा महिने उरले होते.

*

पेइलान चोपन्न वर्षांची, वैजयंतीपेक्षा सात वर्षांनी मोठी, म्हणून वैजयंती तिला 'च्ये' म्हणे, म्हणजे ताई. पेइलान तिला 'वेई लाओशी' म्हणायची, म्हणजे वेई बाई. सगळं वैजयंती हे नाव काही तिच्या जिभेवर मावलं नव्हतं. दुपारच्या सुट्टीत दोघी मागच्या पायरीवर सूर्यफुलाच्या बिया फोडत बसत.

"वेई लाओशी," एके दिवशी पेइलान म्हणाली, "चारशे सतरा वाचलास?"

"क्रमांक कशाला विचारतेस?"

"तो माझ्या आईचा दात आहे. मीच पाकिटात घातला."

वैजयंतीनं हातातली बी खाली ठेवली. "हे तू मला सांगायला नको होतंस, च्ये."

"सांगितलं. आता ऐक. आईचं डोकं हल्ली घसरतंय. जेवायला बसलो की तीन वाडगे मांडते. आम्ही दोघीच. बाबांना जाऊन बारा वर्षं झाली. तिसरा कुणाचा विचारलं तर म्हणते, 'ता-नी येईल.'"

ता-नी म्हणजे थोरली पोर. त्या भागात घरातल्या पहिल्या मुलीला असंच हाक मारतात.

"मी एकुलती एक," पेइलान म्हणाली. "सगळ्या कागदांवर. शाळेत बाईंनी एकदा माझं कौतुक केलं होतं, आदर्श कुटुंबातली मुलगी म्हणून. मग ही थोरली कोण? असली तर कुठाय? आईला पाणी पाजायला मी एकटी, उठवायला मी एकटी. आणि आई रोज थोडी थोडी विसरतेय. आणखी वर्षभरानं तिला माझं नावसुद्धा सांगता येणार नाही. मला फक्त आकडा सांग, एक का दोन. तेवढंच."

नियम दोन ओळींचा होता आणि दवाखान्याच्या भिंतीवर टांगलेला होता: दात ज्याचा, वाचन त्याचं, घरच्यांना सांगायचं नाही. पूर्वी मुलं कोण मोजत फिरे हे त्या काठावरच्या बायका विसरल्या नव्हत्या. दातातलं घरात फुटतं असं एकदा कळलं असतं, तर दोन हजार तीनशे अकरा जणी दुसऱ्या दिवशी पाकिटं परत मागायला रांगेत उभ्या राहिल्या असत्या.

"च्ये, मला नाही सांगता येणार."

"म्हणजे सांगण्यासारखं काही आहे."

"मी वाचलेलाच नाही अजून."

"मग वाच," पेइलान उठली आणि बियांची टरफलं झटकून आत गेली.

*

वैजयंतीनं त्याच संध्याकाळी चारशे सतरा यंत्रात घातला. पाकिटावर पेइलानच्या नीटस अक्षरांत: वय ब्याऐंशी, उत्तर काठ, मूल एक.

पट्ट्या दोन निघाल्या, एक १९८२ची आणि एक १९८५ची. वैजयंतीनं पुन्हा मोजल्या. पेइलानचा जन्म १९८७चा होता. तिच्या वाढदिवसाचा केक दोघींनी मिळून कापला होता. यंत्र एखाद्या वर्षानं चुकतं, दोन वर्षांनी चुकत नाही. आणि १९८७च्या जागी थर सरळ, गुळगुळीत, कोऱ्या कागदासारखा.

म्हणजे या बाईला दोन मुलं झाली होती आणि त्यांत पेइलान नव्हती.

जी बाई आपल्याला बहीण आहे का म्हणून विचारायला आली होती, तिच्याकडून हा दात तिची आईच हिरावून घेत होता. वैजयंतीनं यंत्र बंद केलं. पुढचे नऊ दिवस ती दुपारी पायरीवर गेली नाही. खिडकीतून दिसे, पेइलान एकटीच बसलेली आहे, शेजारी बियांची पुडी, दुसऱ्या बाजूला तेवढीच रिकामी जागा.

*

रविवारी सकाळी घरून फोन आला. पडद्यावर नाना झोपाळ्यावर, आणि त्यांच्या मागे दादा, वैजयंतीचा भाऊ, हातात छापील पत्रिका घेऊन उभा.

"बघ तुझ्या बापाचं," दादा म्हणाला. "सहस्रचंद्रदर्शनाच्या पत्रिका छापून आणल्या, तर फेकून दिल्या."

"फेकू नको तर काय करू?" नाना म्हणाले. "वैजू, तूच वाच. काय लिहिलंय यानं? 'एक्याऐंशी वर्षे पूर्ण.' अरे, मी श्रावणातला. ऐंशी पूर्ण झाली, एक्याऐंशीवं चालू आहे. लागलं आणि झालं यांत फरक आहे की नाही? हजार चंद्र बघितले म्हणून पूजा घालायची, आणि देवाच्या दारात वय वाढवून सांगायचं?"

"नाना, लोक जेवायला येणार आहेत, गणित करायला नाही."

"तू गप. तिला कळतंय. तिचा धंदाच तो आहे."

"तिचा धंदा!" दादा पडद्याजवळ आला. "चीनच्या म्हाताऱ्यांचे दात मोजते. घरच्या म्हाताऱ्याचे किती उरलेत, सांग बघू?"

"चार," नानांनी तोंड उघडून दाखवलं आणि स्वतःच हसले. "त्यांतला एक तुझ्यासाठी ठेवलाय, वैजू. अगं, आणि त्या दिवशी कीर्तन मीच करणार आहे. उभं राहवलं नाही तर बसून. पूर्वरंग छोटा, आणि आख्यान बंदिशाळेतल्या माउलीचं. सहा लेकरं राजानं मोजून नेली तिची. पुढं धाकट्यानं राजाला मारलं, राज्य आलं, सोन्याचे दिवस आले. मुलगा म्हणाला, आई, माग काय हवं ते. काय मागितलं असेल तिनं?"

वैजयंतीनं हे आख्यान लहानपणापासून पन्नासदा ऐकलं होतं. गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बसून, मांडीवर झांजा, कपाळाला बुक्का. तरी तिनं विचारलं, "काय?"

"म्हणाली, गेलेले सहा एकदा दाखव." नानांचा आवाज या जागी नेहमी खाली यायचा, तसा आला. "राजा मोजतो गं. आईला मोजावं लागत नाही."

वैजयंतीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तिचं डोकं दुसऱ्याच शब्दापाशी अडकलं होतं. लागलं आणि झालं. पूर्ण की चालू?

या भागातली म्हातारी माणसं वय निराळंच मोजतात हे तिला माहीत नव्हतं असं नाही. मूल जन्मतं तेच एक वर्षाचं, आणि वाढदिवसाला नव्हे तर चांद्र नववर्षाला सगळ्यांचं वय एकदम एकानं वाढतं. माहीत होतं, पण पुस्तकात वाचून. प्रकल्पाचा फॉर्म राजधानीतल्या पंचवीस-तीस वर्षांच्या मुलांनी बनवला होता. त्यांच्या पिढीत तसं कोणी मोजत नाही. फॉर्मवर एवढंच विचारलं होतं: वय किती? आणि म्हाताऱ्यांनी आपलं वय सांगितलं होतं.

"नाना, ठेवते. पत्रिका दुसऱ्या छापायला सांगा. तुमचं बरोबर आहे."

"ऐकलंस?" नाना दादाकडे वळले. तेवढ्यावर पडदा काळा झाला.

*

पेइलान रविवारीही दवाखान्यात होती, कवळ्यांचे साचे पुसत. वैजयंती दारातूनच म्हणाली, "च्ये, तुझी आई कुठल्या प्राण्याच्या वर्षातली?"

बारा वर्षांना बारा प्राणी. वय चुकेल, पण आपला प्राणी तिथं कोणी चुकत नाही.

"उंदीर," पेइलान म्हणाली. बोलण्यात नऊ दिवसांचा राग होता. "वर्षाच्या अगदी शेपटाशी जन्मली. डिसेंबरात. का?"

उंदराचं वर्ष म्हणजे १९६०. डिसेंबरातली म्हणजे आज ऐंशी पूर्ण, ब्याऐंशी नव्हे. यंत्रानं जन्म जवळजवळ दोन वर्षं मागं ढकलला होता, आणि त्याबरोबर सगळंच मागं सरकलं होतं. वैजयंतीनं मनात दोन्ही पट्ट्या उचलून दोन वर्षं पुढं ठेवल्या: १९८४ आणि १९८७.

ती खुर्चीवर बसली. दुसरी पट्टी समोर उभी होती, हातात ओला कपडा घेऊन.

"तुझा चेहरा काय सांगतोय?" पेइलाननं विचारलं.

"चेहऱ्याला भिंतीवरचा नियम लागू आहे," वैजयंती म्हणाली. "मी तुला काही सांगणार नाही. पण दात तुझ्या आईचा आहे. तिनं विचारलं, तर मला सांगावंच लागेल. तिचं डोकं केव्हा जाग्यावर असतं?"

"दुपारी. जेवणाआधी."

*

पेइलानची आई, को आजी, खिडकीशी बसून लसूण सोलत होत्या. लहानखुऱ्या, केस कानामागं घट्ट बांधलेले, तोंडात नवी कवळी, तिचा त्यांना मनापासून तिटकारा. टेबलावर तीन वाडगे मांडलेले होतेच.

"ही ती परदेशी," त्या पेइलानला म्हणाल्या. "माझा दात घेऊन गेली ती."

"होय आजी," वैजयंती म्हणाली. "त्यात काय लिहिलंय ते तुम्हाला हवं असेल तर सांगायला आलेय. इथं अंगठा द्यावा लागेल. सांगितल्यावर मात्र तो दात आमच्या अभ्यासातून काढून टाकावा लागतो."

को आजींनी कागदाकडे बघितलं, मग तिच्याकडे. "दातात काय लिहिलंय ते मला सांगणार? तू होतीस तिथं?"

"नाही."

"मी होते." त्यांनी लसणाची पाकळी टिचकन सोलली. "दाताला विचारत बसलात एवढे दिवस. तोंड माझं इथं आहे, त्याला कोणी विचारलं नाही."

"आई, विचारलं होतं," पेइलान म्हणाली. "मी स्वतः फॉर्म भरला. मुलं किती म्हटलं, तू म्हणालीस एक."

"मुलं किती *आहेत*, असं विचारलंस तू. एक आहे. तू. चाळीस वर्षं सगळे हेच विचारत आले, कचेरीतले, गल्लीच्या समितीतले, त्या लाल पट्टीवाल्या बायका. मी कधी खोटं बोलले नाही. झाली किती, असं कोणी विचारलं?"

मग पेइलाननं विचारलं. आवाज शाळेतल्या मुलीसारखा निघाला. "आई, तुला झाली किती?"

"दोन," को आजी म्हणाल्या. "ता-नी आणि तू. ती पण उंदीर, माझ्यासारखी. पहिली मुलगी झाली. आणि एकाच मुलाची मुभा. तुझ्या आजीला नातू हवा होता. चाळीस दिवसांची झाल्यावर नावेतून पलीकडे नेली. तिथं दोन चालायची. फान म्हणून घर होतं, एक मुलगा झाल्यावर त्या बाईला पुढं काही होईना. तिच्या नावावर दुसरी जागा रिकामी होती. तिनं स्वतःची म्हणून नोंदवली. मग तीन वर्षांनी तू झालीस."

"मीही मुलगीच."

"तूही मुलगीच. सासू म्हणाली, हिलाही ने. मी नावाड्याकडे गेलेच नाही." त्यांनी पाकळ्या वाडग्यात टाकल्या. "एकदा जाऊन बघितलं होतं ना, परत येताना नाव किती हलकी असते ते."

वैजयंतीच्या हातातला कागद तसाच राहिला. रिकामी जागा. पलीकडे न झालेला जन्म नोंदवायला गेलेल्या बायका. डॉ. हुआंगांनी विचारलं होतं, कोण जाईल? हा घ्या जबाब. उत्तरेत जन्मलेलं पोर दक्षिणेच्या वहीत चढलं, की इकडं एक कमी, तिकडं एक जास्त. नदी ओलांडणारं एकेक तान्हं मूल दोन काठांमधला फरक दोनानं वाढवत होतं. आठ दशांशांतला बराचसा फरक नियमानं घडवलेला नव्हता. तो नावेतून गेला होता.

"आजी," तिनं विचारलं, "अशा किती जणी गेल्या नावेतून?"

"नावाडी म्हणायचा, वसंतात मासे कमी आणि पोरं जास्त." त्या थोडं हसल्या, मग थांबल्या. "मी दरवर्षी पलीकडच्या जत्रेत जायची. लांबून बघायची. सहा वर्षांची असताना तिच्या डोक्यात लाल फीत होती. पुढं ते लोक कुठं राहायला गेले, कळलं नाही." त्यांनी कागद ओढून घेतला, शाईत अंगठा बुडवला आणि ठाम उठवला. "आता वाच. बघू तुझं यंत्र खरं बोलतं का."

"एक चौऱ्याऐंशी साली," वैजयंती म्हणाली. "एक सत्त्याऐंशी साली."

"हं," को आजी म्हणाल्या, एखाद्या आळशी विद्यार्थ्याला पास करावं तसं. "बरोबर आहे."

*

दोन हजार तीनशे अकरा बायकांना पुन्हा फोन गेले. प्रश्न एकच, तुमचा प्राणी कोणता? सगळी वलयं दीड-दोन वर्षांनी पुढं सरकून आपापल्या जागी बसली. अंतिम तक्त्यात उत्तर काठ एक पूर्णांक सहा दशांश, दक्षिण काठ एक पूर्णांक आठ दशांश. फरक दोन दशांश. एवढ्या मोठ्या नियमाच्या वाट्याला बाईमागे एक पंचमांश मूल आलं. दक्षिणेच्या बायकांना दोनाची मुभा होती, तरी त्यांनीही एव्हाना हात आखडला होता, कोणी न सांगता. डॉ. हुआंग तक्ता बघून म्हणाले, "हे लोकांना आवडणार नाही." मग म्हणाले, "छापा."

चारशे सतरा तक्त्यात नव्हता. वैजयंतीनं नियमाप्रमाणे तो वगळला आणि एकूण संख्या दोन हजार तीनशे दहा केली. दशांशांत काही फरक पडला नाही.

ती संगमेश्वरला जाऊन आली. नानांनी बसून कीर्तन केलं आणि पत्रिकेवर 'एक्याऐंशीवे चालू' असं छापलेलं होतं. परतल्यावर पेइलान तिला न्यायला आली. दक्षिण काठावरची फान आडनावाची अडतीस घरं तिनं एकेक करून पालथी घातली होती, आणि शेवटी एका घरात पत्ता मिळाला होता.

को आजींच्या खोलीत सत्तावन्न वर्षांची एक बाई संकोचून उभी होती, हातात फळांची पिशवी, लसूण सोलणाऱ्या त्या लहानखुऱ्या म्हातारीसारखीच बुटकी, केस कानामागं घट्ट बांधलेले. आजींचं डोकं त्या दिवशी जाग्यावर होतं की नव्हतं, हे कुणाला सांगता आलं नसतं. त्यांनी वर बघितलं. हातातली पळी तिसऱ्या वाडग्यावर धरली आणि नूडल्स वाढायला लागल्या.

"एवढा उशीर?" त्या म्हणाल्या. "बस. गार होतील."